खोटी पर्सिस्टंट मेमरी: गेस्टचा फ्लश नेमका कुठवर पोचतो?

पर्सिस्टंट मेमरी, थोडक्यात पीमेम, म्हणजे रॅमसारखी थेट वाचता-लिहिता येणारी आणि वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी. तिची इंटेलची मॉड्यूलं म्हणजे ऑप्टेन. ते गुंडाळत असल्याचं इंटेलने जुलै २०२२ मध्ये जाहीर केलं. त्याआधीही १२८, २५६, ५१२ जीबीची ती मॉड्यूलं म्हणजे कॉलेजच्या लॅबच्या खरेदीत बसणारी वस्तू नव्हतीच. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणी पर्सिस्टंट मेमरीवर प्रोजेक्ट घेतला की हातात काय असतं? १६ जीबी रॅमचा डेस्कटॉप, एक साटा एसएसडी, आणि लिनक्सवर क्यूएमयू-केव्हीएम, म्हणजे मशीनच्या आत आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. एवढ्यावर काम होतं. अडचण अशी की क्यूएमयूमध्ये खोटं पीमेम उभं करायचे तीन-चार मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्ग गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टमला, डेटा टिकण्याचं वेगळं वचन देतो. नेटवर पहिली सापडलेली कमांड उचलली तर कुठलं वचन आपल्या पदरात पडलं हे कळतच नाही. खानापूरकडे पावसाने जोर धरला, लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली असली, की मग कळतं.

पीमेमची नक्कल करण्यातला सोपा भाग म्हणजे वाचणं-लिहिणं. गेस्टला फिजिकल ॲड्रेसचा एक पट्टा दाखवायचा आणि मागे होस्टवरची, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनवरची, फाइल मॅप करून ठेवायची. लोड-स्टोअर थेट प्रोसेसरच्या पेज टेबलांतून जातात, क्यूएमयू मध्ये येतच नाही. अवघड भाग पुढचा. खऱ्या मॉड्यूलवर प्रोग्राम कॅशलाइन, म्हणजे प्रोसेसरच्या कॅशमधला ६४ बाइटचा तुकडा, सीएलडब्ल्यूबी या सूचनेने बाहेर ढकलतो (हाच फ्लश), तो पुरा होईपर्यंत थांबवणारा एसफेन्स लावतो आणि डेटा टिकला असं मानतो. कारण मेमरी कंट्रोलरच्या रांगेत आलेलं सगळं लाइट गेली तरी मॉड्यूलवर उतरवायची जबाबदारी एडीआर या व्यवस्थेने घेतलेली असते. व्हीएममध्ये तोच सीएलडब्ल्यूबी चालतो, पण तो डेटा जातो होस्टच्या साध्या रॅममध्ये. मागे साधी फाइल असेल तर ती रॅम म्हणजे होस्टचा पेज कॅश, फाइलींची पानं डिस्कवर उतरेपर्यंत ठेवायची जागा. रविवार पेठेतल्या आडतीवर वजन आधी कच्च्या चिठ्ठीवर येतं आणि पक्क्या वहीत नंतर चढतं, तसंच हे. फरक एवढाच की इथे गेस्ट चिठ्ठीलाच वही समजून बसतो. सीएलडब्ल्यूबी ही प्रोसेसरची साधी सूचना आहे. ती अडवून क्यूएमयूला कळवायची सोय नाही, आणि असती तरी दर ६४ बाइटला व्हीएममधून बाहेर पडावं लागलं असतं, मग पीमेमचा उपयोग काय? पुढच्या सगळ्या डिझाइनमधली ओढाताण एवढ्या एका गोष्टीवरून आहे.

एनव्हीडिम: दिसायला सगळ्यात खरं

क्यूएमयू २.६ पासून एनव्हीडिम, म्हणजे पीमेमच्या मॉड्यूलची नक्कल करणारं डिव्हाइस आहे. मशीनच्या पर्यायात एनव्हीडिम=ऑन, मेमरीच्या पर्यायात स्लॉट आणि मॅक्समेम, मग मेमरी-बॅकएंड-फाइल नावाचं ऑब्जेक्ट, आणि त्यावर एनव्हीडिम डिव्हाइस. गेस्टची रॅम ४ जीबी आणि पीमेम ४ जीबी असेल तर मॅक्समेम किमान ८ जीबी हवा, आणि दर एनव्हीडिमला एक स्लॉट जातो. मॅक्समेम विसरला तर क्यूएमयू सुरूच होत नाही. ती चूक बरी, लगेच दिसते.

न दिसणारी चूक शेअर=ऑनची. मेमरी-बॅकएंड-फाइलमध्ये ते आपोआप ऑफ असतं. ऑफ म्हणजे फाइल खासगी मॅप होते, गेस्टने लिहिलेली पानं क्यूएमयूच्या स्वतःच्या मेमरीत राहतात, फाइलला हातही लागत नाही. गेस्टच्या आतून रीबूट केलं तर डेटा जागेवर असतो, कारण क्यूएमयूची प्रोसेस तीच असते. व्हीएम बंद करून पुन्हा चालू केली की सगळं गायब. गेस्ट रीबूट करून ‘टिकतोय’ असा निष्कर्ष काढणाऱ्याला हे कधीच सापडत नाही.

फाइल ट्रंकेटने बनवू नका, फॅलोकेटने बनवा. ट्रंकेटने फाइल पोकळ बनते. होस्टची डिस्क भरली आणि गेस्टने नव्या पानाला हात लावला की मागे जागा मिळत नाही, सिगबस हा प्रोसेस मारणारा सिग्नल येतो आणि धावती व्हीएम कोसळते. डिस्क असती तर गेस्टला ‘जागा नाही’ असा एरर मिळाला असता. मेमरीच्या स्टोअरला एरर परत करायची वाटच नसते.

लेबल-साइझ किमान १२८ केबी. हे लेबल, म्हणजे डिव्हाइसच्या भागांची (नेमस्पेसची) नोंद, बॅकएंडच्या शेवटच्या भागात बसतं आणि तेवढी जागा गेस्टच्या नजरेतून कमी होते. म्हणून आधी बिनलेबलचं वापरून फाइलसिस्टम बनवली आणि नंतर लेबल लावलं, तर फाइलसिस्टम डिव्हाइसपेक्षा मोठी झाल्याची तक्रार येते. हवं की नको हे पहिल्या दिवशी ठरवा. एकाच डिव्हाइसचे दोन-तीन नेमस्पेस करायचे असतील तरच लेबलाचा खरा उपयोग.

गेस्टमध्ये नेमस्पेस रॉ मोडमध्ये दिसला तर डॅक्सची, म्हणजे गेस्टचा पेज कॅश टाळून फाइल थेट पीमेमवरून वापरण्याची, खात्री नाही. एनडीसीटीएल या टूलने तो एफएसडॅक्स मोडमध्ये बदलून घ्या, मग फाइलसिस्टम बनवा. ईएक्सटी४ करताना ब्लॉक साइझ ४०९६ स्पष्ट द्या. लहान डिव्हाइसवर जुनी एमके-ई२एफएस स्वतःहून १०२४ निवडते आणि मग डॅक्स माउंट नाकारलं जातं. एक्सएफएस घेतली आणि गेस्टचा कर्नल जुना असेल तर रिफ्लिंक (फाइलींनी ब्लॉक वाटून घेण्याची सोय) बंद करून फॉर्मॅट करा. दोन्ही एकत्र चालत नसत. माउंट झाल्यावर माउंटच्या यादीत डॅक्स दिसतंय का ते बघा की, त्याला दोन सेकंद लागतात.

इथवर सगळं खऱ्यासारखं दिसतं, आणि गोची नेमकी तिथेच आहे. गेस्टला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या एसीपीआय टेबलमध्ये, म्हणजे एनएफआयटीमध्ये, हे खरं एनव्हीडिम म्हणून नोंदलेलं असतं. फ्लशसाठी वेगळा पत्ता त्यात नसतो, म्हणून गेस्टचा लिनक्स समजतो की प्लॅटफॉर्म एडीआर सांभाळतोय. मॅप-सिंक, म्हणजे नुसत्या कॅशच्या फ्लशने डेटा टिकेल अशी हमी असलेलं मॅपिंग, मागितलं तर मिळतं. पीएमडीके या पीमेमच्या लायब्ररी-संचातलं लिबपीमेम तपासतं आणि ‘हे खरं पीमेम आहे’ म्हणून एमसिंक, म्हणजे कर्नलकडून करून घ्यायचा फ्लश, सोडून देतं, फक्त सीएलडब्ल्यूबी वापरतं. मागे मात्र साटा एसएसडीवरची साधी फाइल. त्यावर डेटा उतरतो तो होस्टच्या राइटबॅकच्या सोयीने. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये राइटबॅकचा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी मळकी (बदललेली पण डिस्कवर न उतरलेली) पानं उचलतो. म्हणजे होस्टची लाइट गेली तर गेस्टने ‘टिकला’ म्हणून शिक्का मारलेला अर्ध्या मिनिटाचा डेटा जाऊ शकतो, आणि तोही क्रमाने जात नाही. नंतरचं पान उतरलेलं आणि आधीचं नाही, असं सर्रास होतं. जर्नल पाळणाऱ्या डेटाबेसला नुसता डेटा गेलेला परवडतो, क्रम मोडलेला परवडत नाही.

क्यूएमयूच्या बाजूने यावर तीन उपाय आहेत. पहिला, बॅकएंडला पीमेम=ऑन, म्हणजे मागे खरं पीमेम असल्याचं क्यूएमयूला सांगणं. त्यासाठी क्यूएमयू लिबपीमेमसह बांधलेलं लागतं आणि मागची फाइल डॅक्स फाइलसिस्टमवर किंवा फाइलसिस्टमविना थेट वापरायच्या डिव्हाइस-डॅक्सवर असावी लागते. होस्टला खरं पीमेम असेल तर हा एकच रस्ता बरोबर आहे. पण साध्या फाइलवर हे लावलं तर क्यूएमयू थांबत नाही, होस्ट कोसळला तर डेटा बिघडू शकतो एवढा इशारा छापून पुढे जातं. व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमधून चालवत असाल तर तो इशारा लॉगमध्ये पडून राहतो, कुणी वाचत नाही. माझ्या मते इथे क्यूएमयूने सरळ नकार द्यायला हवा होता.

दुसरा, एनव्हीडिम-पर्सिस्टन्स. हा पर्याय गेस्टला टिकाऊपणाची हद्द सांगतो: मेम-कंट्रोलर की सीपीयू. सीपीयू सांगितलं तर गेस्ट समजतो की प्रोसेसरचे कॅशही वीज गेल्यावर रिकामे केले जातात, म्हणजे ईएडीआर, आणि तो सीएलडब्ल्यूबी सोडू लागतो. बेंचमार्कचे आकडे छान दिसतात म्हणून हे लावणारे आहेत. होस्टवर ईएडीआर नसेल तर हे निव्वळ खोटं. गेस्टमध्ये एनडी बसच्या सिसएफएसमधली पर्सिस्टन्स-डोमेन ही फाइल वाचली की आपण गेस्टला काय सांगून बसलोय ते दिसतं.

तिसरा उपाय सगळ्यात प्रामाणिक: अनआर्म्ड=ऑन. ‘हे मॉड्यूल डेटा टिकवू शकत नाही’ असं गेस्टला कळतं, आणि लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं ठेवतं. लिहिण्याच्या प्रोजेक्टला निरुपयोगी, पण एका कामाला उत्तम. त्याकडे खाली येतो.

व्हर्टिओ-पीमेम: फ्लशला वाट दिली, किंमत घेतली

रेड हॅटमध्ये झालेलं व्हर्टिओ-पीमेमचं काम लिनक्स ५.३ आणि क्यूएमयू ४.१ मध्ये, म्हणजे २०१९ मध्ये आलं. कल्पना सरळ आहे: सीएलडब्ल्यूबी पकडता येत नाही ना, मग गेस्टला सांगू की याचा फ्लश वेगळा मागावा लागतो. वाचणं-लिहिणं आधीसारखंच थेट. गेस्टमधल्या प्रोग्रामने एफसिंक केलं, म्हणजे फाइल डिस्कवर उतरवायला सांगितली, की ड्रायव्हर व्हर्टक्यूवर, म्हणजे गेस्ट-होस्टमधल्या रांगेत, फ्लशची विनंती ठेवतो, क्यूएमयूचा कामगार-धागा मागच्या फाइलवर एफसिंक करतो, मग गेस्टला उत्तर जातं. वचन पाळलं जातं, तेही साध्या एसएसडीवर.

वापरायला सोपं. मेमरी-बॅकएंड-फाइल शेअर=ऑनसह, त्यावर व्हर्टिओ-पीमेम-पीसीआय डिव्हाइस. मॅक्समेममध्ये जागा लागते, एनव्हीडिमसारखी एसीपीआयची झंझट नाही. गेस्टच्या कर्नलमध्ये व्हर्टिओ-पीमेमचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून तरी असावा.

किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, मॅप-सिंक मिळत नाही. मागितलं तर ‘चालत नाही’ असा एरर येतो. तो यायलाच हवा. लिबपीमेम मग एमसिंकवर उतरतं आणि वेग पडतो. इथे काही जण पीमेम-इज-पीमेम-फोर्स हा पर्यावरण चल १ करतात आणि वेग परत आला म्हणून खूश होतात. त्याने एवढंच होतं की व्हर्टिओ-पीमेमने कष्टाने बांधलेली वाट बंद होते आणि आपण पुन्हा कच्च्या चिठ्ठीवर येतो. युनिट टेस्ट पळवायला ठीक, त्यापुढे नको.

दुसरी किंमत जास्त बोचते. फ्लशच्या विनंतीत कुठून कुठपर्यंत हे नसतं. गेस्टने ४ केबीच्या नोंदीवर एफसिंक केलं तरी होस्टवर पूर्ण फाइलचं एफसिंक होतं. शेजारचा प्रोग्राम त्याच डिव्हाइसवर ५०० एमबी मळवून बसला असेल तर तुमच्या छोट्या नोंदीला ते ५०० एमबी एसएसडीवर उतरेपर्यंत थांबावं लागतं. साटाची कमाल लिहिण्याची गती सेकंदाला ५५०-एक एमबी धरली तरी सेकंदभराची वाट. उपाय साधा: डेटाबेसचा लॉग आणि डेटा एकाच व्हर्टिओ-पीमेमवर ठेवू नका. दोन फाइल, दोन डिव्हाइस. शक्य असेल तर होस्टवर दोन वेगळ्या लॉजिकल व्हॉल्यूमवर, कारण एकाच ईएक्सटी४ वर दोन फाइल असल्या तर जर्नलच्या कमिटमध्ये त्या पुन्हा एकमेकींच्या पायात येतात.

तिसरी किंमत हळूच वसूल होते. होस्टने पान एसएसडीवर उतरवलं की ते पुन्हा राइट-प्रोटेक्ट करतो, नाहीतर पुढचा बदल त्याला कळणार नाही. गेस्टने त्याच पानावर पुढचा स्टोअर केला की व्हीएममधून बाहेर पडून फॉल्ट हाताळावा लागतो. सरासरीत हे लपतं, पण सर्वांत मंद १ टक्का स्टोअर बघितले तर लगेच उठून दिसतं. शिवाय साध्या फाइलची पानं ४ केबीची असल्यामुळे दुसऱ्या पातळीची पेज टेबलंही ४ केबीचीच राहतात. डिव्हाइस-डॅक्सवर मिळणारे २ एमबीचे मोठे मॅपिंग इथे विसरा. साध्या फाइलवरच्या एनव्हीडिमलाही या दोन्ही गोष्टी लागू आहेत, फक्त तिथे कुणी मोजत नाही.

रॅमचा हिशेब

पीमेम ‘रॅमबाहेरचं’ आहे म्हणून १ जीबी रॅमच्या गेस्टला ६४ जीबीचं पीमेम जोडलं जातं आणि गेस्ट बूट होतानाच गुदमरतो. कारण डॅक्ससाठी लिनक्स दर ४ केबी पानामागे ६४ बाइटचं स्ट्रक्ट पेज ठेवतं. ६४ जीबीला ते होतं पूर्ण १ जीबी. एनव्हीडिमवर एनडीसीटीएल हा नकाशा डिव्हाइसवरच ठेवू शकतं, तिथे मॅपचा पर्याय डेव्ह असाच ठेवा. व्हर्टिओ-पीमेममध्ये तो गेस्टच्या रॅममधून जातो, म्हणून गेस्टची रॅम ठरवताना पीमेमचा चौसष्टावा भाग आधी बाजूला काढा.

याची उलट बाजू फायद्याची आहे. व्हर्टिओ-ब्लॉकची डिस्क नेहमीच्या बफर्ड पद्धतीने वापरली तर तीच पानं गेस्टच्या पेज कॅशमध्ये आणि होस्टच्याही पेज कॅशमध्ये, दोनदा राहतात. डॅक्सने गेस्टमधली प्रत जाते. लॅबमध्ये एका १६ जीबी मशीनवर चार व्हीएम आणि चौघींना तीच २ जीबीची रूट इमेज हवी असेल, तर इथे वर सोडलेलं अनआर्म्ड कामाला येतं: बॅकएंडला रीडओन्ली=ऑन, एनव्हीडिमला अनआर्म्ड=ऑन, एकच फाइल चारही व्हीएमना. होस्टच्या रॅममध्ये इमेजची एकच प्रत राहते, प्रत्येक गेस्टला खर्च फक्त ३२ एमबीच्या स्ट्रक्ट पेजचा. कंटेनर हलक्या व्हीएममध्ये चालवणारं काटा कंटेनर्स आपली रूट इमेज एनव्हीडिमवरून देतं ते याच हिशेबाने. लिहिण्यासाठी प्रत्येकीला वेगळी छोटी डिस्क आणि वर ओव्हरले, म्हणजे बदल वेगळे ठेवणारा थर. माझ्या दृष्टीने खोट्या पीमेमचा आज रोजच्या कामातला सगळ्यात ठोस उपयोग हाच आहे, आणि त्यात टिकाऊपणाचा प्रश्नच येत नाही.

बाकीचे दोन मार्ग थोडक्यात. कर्नलला मेममॅपचा पर्याय देऊन, उदाहरणार्थ ४जी, उद्गारचिन्ह, १२जी (१२ जीबीच्या ॲड्रेसपासून ४ जीबी), रॅमचाच तुकडा पीमेम म्हणून दाखवता येतो. व्हीएमही लागत नाही. एनडीसीटीएल आणि डॅक्स शिकायला झकास. वीज गेली की सगळं गेलं, आणि देताना त्या ॲड्रेसवर खरंच रॅम आहे का हे बूट लॉगमधल्या ई८२० यादीत बघून घ्या. दुसरा सीएक्सएल, म्हणजे पीसीआय-एक्सप्रेसवरून मेमरी जोडायचं मानक. क्यूएमयूच्या क्यू३५ मशीनवर सीएक्सएल टाइप ३ डिव्हाइस पर्सिस्टंट मेमडेव्हसह जोडता येतं. पण इंटरलीव्हचा, म्हणजे अनेक डिव्हाइसांत वाटलेल्या मेमरीचा, पत्ता उलगडायला तिथला प्रत्येक ॲक्सेस क्यूएमयूतून जातो. ड्रायव्हर आणि सीएक्सएलची टूल्स तपासायला ते बनवलं आहे. त्यावर डेटाबेस चालवून वेग मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

वेगाचं म्हणाल तर कुठल्याच मार्गाने मोजू नका. ऑप्टेनवर यादृच्छिक वाचनाला सुमारे ३०० नॅनोसेकंद लागत, डीरॅमच्या तिप्पट-एक, आणि आतून ते २५६ बाइटच्या तुकड्यांत काम करत असे. क्यूएमयू यातलं काहीही दाखवत नाही. त्याचप्रमाणे विसरलेला सीएलडब्ल्यूबीही इथे सापडत नाही: क्यूएमयू मारली तरी होस्टचे कॅश शाबूत असतात, फ्लश न केलेला स्टोअरसुद्धा फाइलमध्ये दिसतो. त्यासाठी पीएमडीकेवाल्यांचं, मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडवर चालणारं पीमेमचेक वापरावं.

लाइट घालवून बघणं

क्यूएमयूला किल -९ मारणं ही वीज जाण्याची चाचणी नव्हे. होस्टचा पेज कॅश जिवंत राहतो आणि सगळं पास होतं. होस्टच मरायला हवा. डेस्कटॉपची वायर उपसण्याऐवजी नेस्टेड व्हीएम वापरा. डेस्कटॉप ही शून्य पातळी, त्यावर ६ जीबीची व्हीएम ‘होस्ट’ म्हणून, आणि तिच्या आत २ जीबीची खरी गेस्ट. आतल्या गेस्टला दोन डिव्हाइस द्या: एक साध्या फाइलवरचं एनव्हीडिम, एक व्हर्टिओ-पीमेम. प्रोग्राम ६४ बाइटच्या नोंदी क्रमांक घालून ओळीने लिहील. एनव्हीडिमवर सीएलडब्ल्यूबी-एसफेन्स, व्हर्टिओ-पीमेमवर एमसिंक, आणि त्यानंतरच तो क्रमांक यूडीपीने डेस्कटॉपला पाठवेल. मिनिटभराने डेस्कटॉपवरून मधल्या व्हीएमची क्यूएमयू मारा. तिचा पेज कॅश तिच्यासोबत जातो. पुन्हा चालू करून फाइलमधला शेवटचा अखंड क्रमांक डेस्कटॉपला पोचलेल्या क्रमांकाशी ताडा. व्हर्टिओ-पीमेममध्ये फाइल मागे असता कामा नये. एनव्हीडिममध्ये ती मागे असेल. फाइल फॅलोकेटने बनवलेली असल्यामुळे न उतरलेल्या जागी कचरा दिसत नाही, शून्यं दिसतात.

पीमेम=ऑनही अशाच रचनेत तपासता येतं. मधल्या व्हीएमला डेस्कटॉपवरून शेअर=ऑनचं एनव्हीडिम द्या, तिच्यात त्यावर डॅक्स ईएक्सटी४ बनवा आणि आतल्या गेस्टची फाइल तिथे ठेवा. मधली व्हीएम मेली तरी प्रत्येक स्टोअर डेस्कटॉपच्या पेज कॅशमध्ये असतो, म्हणजे डेस्कटॉप इथे खऱ्या मॉड्यूलची भूमिका करतो. या वेळी एनव्हीडिमही क्रमांक राखतं.

ही चाचणी एसएसडीच्या आतल्या कॅशपर्यंत पोचत नाही, कारण डेस्कटॉप कधी मरतच नाही. घरगुती साटा एसएसडींत वीज गेल्यावर कॅश रिकामा करायला कॅपॅसिटर बहुधा नसतो, आणि फ्लशची आज्ञा ड्राइव्ह किती इमानाने पाळतो हे वायर उपसूनच कळतं. त्यासाठी रिकामी, फॉर्मॅट करायला हरकत नसलेली ड्राइव्ह घ्या.